मांडून काढलेला फोटो आणि धावून जाणाऱ्यांचे मन

भाद्रपदात शहरातल्या पेठांतून गणपतीचे देखावे पाहत आपल्यापैकी पुष्कळजण कधी ना कधी हिंडले असतील. काही मंडळे मूर्ती मांडतात, काही ‘जिवंत देखावा’ करतात. आळीतलीच मुले-माणसे पोशाख चढवून उभी राहतात, दिवे लागतात, मागून आवाज सुरू होतो आणि पाच मिनिटांत एखादा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. तलवार उपसून उभा असलेला मावळा सकाळी याच कोपऱ्यावर दूध घालतो, हे पाहणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना ठाऊक असते. पण म्हणून कोणी ‘खोटे आहे, खोटे आहे’ असे ओरडत नाही. सोंग हे सोंग आहे हे उघड असले, म्हणजे त्यातली खरी गोष्ट आपण बिनबोभाट स्वीकारतो. भारूड काय, कोकणातला दशावतार काय, दारावर येणारा बहुरूपी काय, ही समज आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

फोटोच्या बाबतीत मात्र आपली अपेक्षा निराळी असते. फोटो म्हणजे पुरावा. कॅमेऱ्यापुढे जे होते ते उमटले, असे आपण धरून चालतो. म्हणून कोणी ‘हा फोटो मांडून काढलेला आहे’ असे म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. आज मला बोलायचे आहे ते अशाच मांडून काढलेल्या फोटोंविषयी, आणि ज्या दुःखासाठी ते काढले गेले त्या दुःखाविषयी.

ते दुःख कोणाचे? संकटाच्या जागी जे सर्वांत आधी धावून जातात त्यांचे. आगीचे बंबवाले, रुग्णवाहिकेतले डॉक्टर आणि चालक, अपघातस्थळी पोचणारे पोलीस. ही झाली पगारी माणसे. पण खेड्यात याहून निराळी माणसे असतात आणि त्यांना कोणते पद नसते. नदीकाठच्या प्रत्येक गावात असा एक भोई किंवा पोहणारा गडी असतोच, की कोणी बुडाले म्हणजे आधी त्याच्या दारावर थाप पडते. तो पाण्यात उतरतो, तळ धुंडाळतो, हाताला जे लागते ते वर आणतो. लोक जमतात, पंचनामा होतो, रडारड होते. तो मात्र अंग पुसून घरी जातो. पुढे महिनाभर त्याला जेवण का जात नाही, हे विचारायला कोणी जात नाही.

ही माणसे दणकट असतात, त्यांना सवय झालेली असते, असा आपला समज आहे. आणि त्यांचाही तो समज असतो, हा त्यातला घातक भाग. प्रत्यक्ष कामाच्या वेळी शरीर साथ देते. हात भराभर चालतात, डोके थंड राहते. खरा प्रकार सुरू होतो तो पुढे. तोच देखावा पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येतो, झोपेत येतो, जेवताना येतो. जळक्या वासाने जीव कासावीस होतो. त्या रस्त्याने जाणे टाळले जाते. भोंगा वाजला की छाती धडधडते. बायकोमुलांवर विनाकारण ओरडणे होते, नाही तर कशाचेच काही वाटेनासे होते. कोणी बाटली जवळ करतो. असे काही दिवस होणे हे माणसाच्या मनाला साहजिक आहे. पण महिना उलटून गेला तरी ते हटत नसेल, संसार आणि काम दोन्ही अडत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला आघातोत्तर ताणाचा विकार म्हणते. हे नाव अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली दाखल झाले. दुखणे अर्थातच त्याहून जुने. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेल्या सैनिकांत डॉक्टरांनी ते पाहिले होते, आणि त्यातल्या कित्येकांना त्या काळी भेकड ठरवण्यात आले होते.

आता फोटोकडे वळू. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी दारूगोळा आणि कापूस भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेल्या बंबवाल्यांपैकी ६६ जण त्यात गेले. त्या दिवसाचे फोटो आहेत. त्यांत धुराचे लोट दिसतात, पडझड दिसते. जे बंबवाले वाचले, ज्यांनी आपले सोबती शोधले, त्यांच्या मनात पुढची दहा वर्षे काय चालले होते ते मात्र कोणत्याही फोटोत दिसणार नाही. कॅमेरा घटनेच्या वेळी हजर असतो. मनाची जखम उघडते ती कॅमेरा निघून गेल्यावर, रात्री अडीच वाजता, घरातल्या अंधारात. तिथे कोणी फोटोवाला नसतो, आणि नसावाच.

दुसरी अडचण लाजेची आणि हक्काची आहे. अपघातात सापडलेल्या माणसाचा फोटो घेणे हे त्याच्या असहायपणाचा फायदा घेणे होय. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि अपघात झाला की मदतीच्या हातांपेक्षा फोन धरलेले हात अधिक दिसतात, हे आपण रस्त्यावर रोज पाहतो. मला याचा संताप येतो. असे फोटो गावभर फिरतात, मेलेल्याच्या आईपर्यंत पोचतात. धावून जाणाऱ्याने तर असा फोटो काढताच कामा नये. रुग्ण त्याच्या विश्वासावर त्याच्या हाती आलेला असतो.

मग करायचे काय? जे खरे आहे त्याचा फोटो निघू शकत नाही, आणि ज्याचा निघू शकतो तो काढणे योग्य नाही. या पेचातून निघण्याची एक वाट म्हणजे जिवंत देखावा.

ही वाट फोटोइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये इपोलीत बायार नावाचा गृहस्थ होता. कागदावर थेट छायाचित्र उमटवण्याची रीत त्याने शोधली होती. पण १८३९ साली मान आणि सरकारी वर्षासन गेले ते दागेर याच्याकडे. बायारने १८४० मध्ये स्वतःचाच फोटो घेतला. उघडा देह, मिटलेले डोळे, जणू पाण्यातून काढलेले प्रेत. पाठीमागे त्याने लिहून ठेवले की सरकारने दागेरला सर्व काही दिले आणि या बिचाऱ्याला काही नाही, म्हणून हा बुडून मेला. प्रत्यक्षात हा ‘बुडालेला’ गृहस्थ १८८७ पर्यंत जगला! फोटोतले मरण खोटे होते, पण ‘माझ्याकडे कोणी पाहत नाही’ हे त्याचे म्हणणे अक्षर न् अक्षर खरे होते.

याच्या उलट अमेरिकेतल्या यादवी युद्धाची गोष्ट. गेटिसबर्गच्या रणभूमीवर जुलै १८६३ मध्ये अलेक्झांडर गार्डनर आणि त्याचे सहकारी फोटो घेत होते. खडकांच्या आडोशाला मरून पडलेल्या एका नेमबाज सैनिकाचा त्यांचा फोटो फार गाजला. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी अभ्यासकाने त्या वेळचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले की ते प्रेत सुमारे चाळीस यार्ड दुसऱ्या जागेहून उचलून आणलेले होते आणि शेजारची बंदूक टेकवून ठेवलेली होती. इथे मरण खरे, माणूस खरा, पण फोटो फसवा. कारण मांडणी केली हे सांगितले नव्हते. या दोन फोटोंपैकी खोटा कोणता, हा प्रश्न शिक्षकांनी वरच्या वर्गात जरूर टाकून पाहावा.

तिसरे उदाहरण इंग्लंडचे. हेन्री पीच रॉबिन्सन याने १८५८ मध्ये क्षयाने मरणपंथाला लागलेली मुलगी आणि तिच्याभोवती बसलेले घरचे लोक असा फोटो तयार केला. एका चित्रासाठी पाच वेगवेगळ्या काचा वापरून त्या एका कागदावर जुळवल्या होत्या. मुलगी धडधाकट होती. तरी लोक चिडले. असला प्रसंग रंगाने रंगवला असता तर खपला असता, फोटोत तो सोसवेना. माझ्या मते या चिडण्यातच फोटोचे बळ दिसते. रंगवलेल्या चित्रापुढे माणूस ‘वा!’ म्हणतो, फोटोपुढे तो क्षणभर तरी धरून चालतो की हे कोणावर तरी ओढवले आहे.

या जुन्या युक्तीचा धावून जाणाऱ्यांसाठी उपयोग कसा झाला, ते पाहायला आपल्याला कॅनडात जावे लागेल. तिथल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहराच्या दक्षिणेला लेडुक नावाचे गाव आहे. डॅनियल सुंदाल हा तिथे आगीच्या बंबावर आणि रुग्णवाहिकेवर काम करणारा माणूस. हिवाळ्यात बर्फाने रस्ते निसरडे होतात, गाड्या आपटतात, मग यांची धाव. पाहिलेले मनातून जाईना. सुंदालला फोटोग्राफीचा नाद होता. त्याने आपल्या कामावरचे प्रसंग पुन्हा मांडून त्यांचे फोटो करायला सुरुवात केली, ती आधी स्वतःचे मन मोकळे करण्यासाठी. लोकांना जागे करणे वगैरे पुढचे. पुढे या चित्रांचे ‘पोर्ट्रेट्स ऑफ ॲन इमर्जन्सी’ या नावाने पुस्तकही निघाले.

ही चित्रे कशी असतात? रक्तामांसाचा बाजार त्यांत नाही. बंबवाला किंवा रुग्णवाहिकेवरची बाई काम संपल्यावर खाली मान घालून बसलेली असते. कुठे त्यांच्यामागे धूसर आकृत्या उभ्या असतात, ज्यांना वाचवता आले नाही त्यांच्या. आपल्याकडे ‘अमक्याच्या मानगुटीवर बसले आहे’ असे म्हणतात ना, तीच कल्पना तिथे डोळ्यांनी दिसते. भुताखेतांचा यात काही संबंध नाही. डोक्यातून न जाणारी आठवण दाखवायची कशी, एवढाच प्रश्न; आणि आठवणीला चेहरा देण्याचा हा मार्ग कोणत्याही मुलखातल्या माणसाला चटकन कळतो.

अशा चित्राची करणी समजायला अवघड नाही. जागा आधी रिकामी टिपतात. मग माणसांना गणवेशात उभे करून, दिव्यांचा उजेड हवा तिथे पाडून, एकेकाचा फोटो वेगळा घेतात. नंतर संगणकावर हे फोटो पारदर्शक कागदांसारखे एकावर एक ठेवतात. ज्याला फिके करायचे त्याला फिके करतात, रंग उतरवतात, अंधार वाढवतात. ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये तीसहून अधिक काचा जुळवून एक मोठे चित्र केले होते, त्याचाच हा पणतू. यात सर्वांत महत्त्वाचा माणूस मला वाटतो तो कॅमेऱ्यापुढे बसणारा. खऱ्या बंबवाल्याला तिथे बसवले, तर त्याला कसे बसायचे हे शिकवावे लागत नाही. खांदे आपोआप पडतात.

आणि पाहणाऱ्यांचे काय? हेच काम करणारा एखादा माणूस असे चित्र पाहतो तेव्हा त्याच्या मनात पहिले येते ते ‘म्हणजे हे मला एकट्यालाच होत नाही तर!’ हे वाक्य फार मोलाचे आहे. या दुखण्याचे अर्धे बळ लपवण्यात असते. ‘मला भीती वाटते’ असे म्हणायला जी जीभ रेटत नाही, ती चित्राकडे बोट दाखवून ‘हे बघ, असं होतं’ एवढे म्हणू शकते. घरच्या माणसांनाही, हा गप्प गप्प का असतो त्याचा अर्थ लागतो. तोंडी समजावण्याने जे तासाभरात होत नाही ते चित्र पाहून होते, हे कोणाही प्राथमिक शिक्षकाला मी सांगायला नको.

अर्थात चित्राने सगळे झाले असे समजणे भोळेपणाचे. अल्बर्टा प्रांताने २०१२ मध्ये कायदाच बदलला. पोलीस, बंबवाले आणि रुग्णवाहिकेवरचे लोक यांना हा विकार जडला तर तो कामामुळेच जडला असे धरून चालायचे, त्याने तसे सिद्ध करीत बसायचे नाही, असा तो बदल. असे करणारा कॅनडातला तो पहिला प्रांत. ओंटारिओने २०१६ मध्ये असाच कायदा केला. या गोष्टी चित्रांनी झाल्या असे मी म्हणणार नाही. परंतु कायदा कागदावर असला तरी ‘मला त्रास होतो’ असा अर्ज करायला माणूस पुढे आला पाहिजे ना? लाज तिथे आडवी येते, आणि लाजेला कायद्याने हात घालता येत नाही.

दुखणे किती पसरले आहे? कॅनडात २०१६ च्या अखेरीपासून २०१७ च्या आरंभापर्यंत अशा सेवांतल्या पाच हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. शंभरांत सुमारे ४४ जणांत कोणत्या ना कोणत्या मनोविकाराची लक्षणे आढळली. सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण शंभरांत दहाच्या आसपास असते. ही माहिती आपण होऊन उत्तर देणाऱ्यांकडून घेतलेली आहे, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे धरावा. तरी निम्म्याजवळ जाणारा आकडा आणि दहातला एक यांतले अंतर काही अशाने भरून निघत नाही.

या चित्रांवर आक्षेपही आहेत आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. एक म्हणजे, दुःख फार देखणे केले जाते. अंधार, धूर, निळा उजेड, एकटा वीर. पाहणाऱ्याला वाटते की मनाचे दुखणे असेच नाटकी असते. मग जो शेजारी नुसता चिडचिडा झाला आहे, जो चार महिने पारावर येत नाही, त्याच्यात त्याला काही दिसत नाही. मला हा आक्षेप पटतो. भुतांच्या आकृतीपेक्षा जेवणाच्या ताटापुढे हात थांबलेला माणूस मी मांडला असता. दुसरा आक्षेप असा, की ज्याची जखम ओली आहे त्याला चित्र पाहून पुन्हा त्रास होऊ शकतो. हेही खरे. म्हणून असे चित्र रस्त्याच्या चौकात मोठे करून लावण्याचे नव्हे. पाहावे की नाही हे पाहणाऱ्याच्या हाती असावे. आणखी एक भीती अशी, की ‘हे सगळे आतून मोडलेले’ असा उलटाच ग्रह व्हायचा. तसे नाही. पुष्कळजण सावरतात, आणि ज्यांना उपचार लागतात त्यांच्यासाठी शिकलेल्या माणसाने करायची बोलण्याची उपचारपद्धती आहे, गरज पडल्यास औषधे आहेत, आणि त्यांनी गुण येतो.

आता आपल्या घरचे पाहू. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावू लागली. त्याआधीच्या किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ढिगारे उपसायला पहिले हात लागले ते शेजारच्या गावांचे. आळंदी-पंढरीच्या वाटेवर, घाटात, पुरात, विहिरीवर, पहिला धावतो तो गावचाच कोणी तरी. त्याचे नाव कोणत्याही सेवेच्या हजेरीपटावर नसते. त्याला रजा नाही, अधिकारी नाही, की तपासणी नाही. त्याच्याशी बोलायचे ते गावानेच.

बोलायचे म्हणजे कसे, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. घटना घडल्याबरोबर भोवती बसून ‘काय काय पाहिलेस, सांग’ असे खोदून विचारणे हा मदतीचा प्रकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनाही असे लगेच सारे वदवून घेण्याच्या विरुद्ध आहे. त्याला घरी पोचवावे, गरम काही प्यायला द्यावे, झोपू द्यावे, दुसऱ्या दिवशी सहज डोकवावे. त्याला बोलावेसे वाटले तर ऐकावे, नाही वाटले तर बसून राहावे. आठवड्याने पुन्हा जावे. महिन्याने तर अवश्य जावे, कारण तोवर इतर सगळे विसरलेले असतात.

आणि शाळेत काय करता येईल? जिवंत देखावा करणारी मुले तुमच्या वर्गात आहेतच. देशभर १४ एप्रिल हा १९४४ च्या त्याच स्फोटाच्या स्मरणार्थ अग्निशमन सेवा दिन असतो आणि पुढे २० तारखेपर्यंत आठवडा चालतो. त्या दिवशी आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती असते आणि शाळेला सुट्टी. तेव्हा परीक्षेच्या गडबडीतून पुढचा एखादा दिवस काढावा. मोठ्या मुलांना सांगावे की संकटाचा देखावा करायचा नाही. आग नको, प्रेत नको, रडणारी आई नको. आग विझल्यानंतरचा, गाडी परत आल्यानंतरचा, घरात शिरल्यानंतरचा प्रसंग करा. गणवेशातला माणूस दारात बूट काढतो आहे आणि लहान मुलगी त्याच्याकडे पाहते आहे, एवढाच. याला खर्च नाही. एक ओसरी, एक कंदील आणि कोणाच्या तरी फोनचा कॅमेरा पुरे. मुलांना आधी तालुक्याच्या बंबवाल्यांकडे किंवा १०८ च्या चालकाकडे नेऊन, त्यांची हरकत नसेल तर, काम संपल्यावर तुम्ही काय करता एवढेच विचारू द्यावे.

पथ्ये मात्र कडक पाळावी. गावात घडलेला खरा अपघात घेऊ नये, नाव कोणाचे येऊ नये, कोणाच्या घराची ओळख पटू नये. ज्या मुलाच्या घरी नुकते असे काही झाले असेल त्याला यात ओढू नये. आणि गार्डनरने जे केले नाही ते आपण करावे. फोटोखाली स्वच्छ अक्षरात लिहावे, की हा प्रसंग मुलांनी मांडलेला आहे. त्याच्याच खाली १४४१६ हा आकडा घालावा. टेलिमानस ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. आकडा मोठा काढावा. चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही तो दारातून वाचता आला पाहिजे.